कागदी माशाचे खवले

कागद ही वस्तु विद्यार्थ्याच्या हातांत दिवसभर असते. परंतु तिच्याकडे तो क्वचितच पाहतो. तिजवर काय लिहिलें आहे, काय छापिलें आहे, किती गुण मांडिले आहेत, एवढेंच त्याच्या दृष्टीस पडतें. कागद कोणत्या बाजूस सहज वळतो, कोणत्या बाजूस अडतो, किती घड्या सोसतो व कोणत्या घडीस फाटतो, हें जाणण्याचा प्रसंग पावसाळ्यांतील होडी व वर्गांत चोरून उडविलेलें विमान यांपलीकडे त्यास बहुधा येत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या विषयावर आमचें मत मांडणार आहों, तो या होडीचाच एक दूरचा, परंतु फार मोठ्या योग्यतेस पोंचलेला नातलग आहे. एका अखंड चौकोनी कागदास कात्री न लावतां, डिंक न लावतां, केवळ घड्या घालून मासा करणें, आणि डोळे मिटून बोट फिरविलें तरी ज्याच्या अंगावरील खवल्यांच्या ओळी बोटास लागाव्या असा तो करणें, हा तो विषय होय.

आमचें मत थोडक्यांत असें आहे कीं, हें काम शाळेंत शिकविण्याजोगें आहे. त्यापासून उपयोगाची वस्तु निघते म्हणून आम्ही तसें म्हणत नाहीं; त्यानें भूमिति सोपी होते हें खरें असलें तरी आमचा भर त्यावरही नाहीं. या माशाचे खवले फुकट मिळत नाहींत, एवढेंच आमचें मुख्य कारण आहे. हें कारण नीट समजण्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा वेळ कागदाच्या घड्यांत शिरावें, अशी आमची विनंति आहे.

या कलेस जपानांत ओरिगामी म्हणतात. ‘ओरि’ म्हणजे घडी घालणें व ‘कामि’ म्हणजे कागद. केवळ मनोरंजनाच्या घड्यांवर तेथें छापलेला एक अतिशय जुना ग्रंथ १७९७ सालचा आहे. त्याचें नांव ‘हिदेन सेंबाझुरु ओरिकाता’ असें असून, एकमेकांच्या पंखांस पंख लागलेले क्रौंच पक्षी एकाच कागदापासून कसे करावे, याचे ४९ प्रकार त्यांत दिले आहेत. हे पक्षी करण्यासाठीं कागदास जागजागीं छेद द्यावे लागत. तेव्हां ‘एकच चौकोन घ्यावा व तो कापूं नये’ हा जो दंडक आज या कलेंत मानला जातो, तो अनादि नाहीं. आपल्या कलेची परीक्षा अधिक कडक व्हावी म्हणून अलीकडच्या कलावंतांनीं तो स्वतःवर घालून घेतला आहे. अकिरा योशिझावा (१९११–२००५) या जपानी कलावंतानें १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत तुटक रेषा व बाण यांची एक लिपि वापरली. पुढें ती जगभर पसरली, व त्यामुळें एका देशांतील घडी दुसऱ्या देशांतील मनुष्यास, भाषा न समजतांही, घालतां येऊं लागली.

मासा हा जपानी लोकांच्या विशेष प्रीतीचा विषय आहे. ५ मे रोजीं त्यांच्याकडे मुलांचा सण असतो, व त्या सुमारास घरोघर उंच काठीवर ‘कोई’ माशाच्या आकाराच्या पताका फडकतात. प्रवाहाच्या उलट पोहत जाऊन धबधबा चढणारा मासा अशी या जातीची ख्याति मूळ चीनमधील कथेंतून आली आहे. मुलें तशीं निश्चयी व्हावीं ही त्या पताकांमागील भावना. या पताका पूर्वीं कागदाच्या करीत, आतां बहुधा कापडाच्या असतात. त्यांवरील खवले मात्र रंगविलेले असतात. रंगविलेल्या खवल्यांकडून घडीच्या खवल्यांकडे येण्यास या कलेस पुष्कळ काळ लागला. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ रॉबर्ट लँग यांनीं २००१ सालीं आपली शास्त्रीय नोकरी सोडून घड्यांस वाहून घेतलें. त्यांचा ‘कोई’ मासा एका अखंड चौकोनांतून निघतो, व त्याच्या अंगावर घडीचे खवले असतात. जपानचे सातोशी कामिया यांनीं याच रीतीनें सबंध अंगभर खवले असलेला नागासारखा लांब ‘र्‍यूजिन’ घडविला. फ्रान्सचे एरिक झ्वाझेल (१९५६–२०१०) यांनीं तर, ज्यास कोंकणांत खवल्या मांजर म्हणतात तो प्राणी कागदांतून उभा केला. हीं उदाहरणें आम्ही एवढ्याचसाठीं दिलीं कीं, आम्ही ज्याविषयीं बोलत आहों तें पोरखेळाचें काम आहे असें कोणी समजूं नये.

आतां खवले येतात कोठून तें पाहूं. माशाचा बाह्य आकार, म्हणजे तोंड, पोट, शेपटी व पर, थोड्याशा घड्यांत साधतो. परंतु त्याचें अंग गुळगुळीत राहतें. त्यावर खवले उठवावयाचे तर कागदास चुण्या पाडाव्या लागतात. नऊवारी लुगड्याची बरीचशी लांबी निऱ्यांत जाते हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे, कागदाचेंही तसेंच. त्यास आधीं उभ्या-आडव्या रेषांनीं चौकटींत विभागतात. मधोमध एक घडी घातली कीं दोन भाग. प्रत्येक भाग पुन्हां निम्मा केला कीं चार. मग आठ, सोळा, बत्तीस, आणि सहाव्या फेरीस चौसष्ट. या वेळीं कागदावर एका दिशेस ६३ व दुसऱ्या दिशेस ६३ अशा १२६ रेषा पडलेल्या असतात, त्यांचे ३,९६९ छेदनबिंदु होतात, व लहान चौकटी ४,०९६ भरतात. एवढें झालें तरी मासा अद्याप दृष्टीसही पडलेला नसतो. हातांत असतो तो रेषांनीं भरलेला, उलगडून ठेवलेला, पूर्वींइतकाच चौकोनी कागद.

यानंतर चुण्या. समजा, प्रत्येक चार चौकटींपैकीं दोन चुणीच्या पोटांत गेल्या व दोन वर राहिल्या. म्हणजे कागदाची ती बाजू निम्मी झाली. दुसऱ्या दिशेसही तसेंच केलें, कीं क्षेत्रफळ चौथाईवर आलें. हातभर कागद घेतला होता तो वीतभर झाला. दिसणाऱ्या एकेका खवल्यासाठीं सोळा चौकटी खर्ची पडल्या, त्यांपैकीं चार डोळ्यांस दिसतात आणि बारा कायमच्या आंत राहतात. जेथें एक चुणी पडते तेथें कागदाचे तीन थर होतात. जेथें दोन चुण्या एकमेकींस छेदतात तेथें नऊ. माशाची लांबी चौकोनाच्या कर्णावर धरिली असेल, तर कडांशीं समांतर घातलेल्या या चुण्या त्याच्या अंगावर तिरप्या येतात, व त्यांच्या छेदांतून शंकरपाळ्यासारखे आकार उमटतात. त्या आकारांचीं टोकें बोटानें किंचित् वळविलीं कीं तेच खवले.

याच हिशेबांत आमच्या मताचें मूळ आहे. या माशास बाहेरून कांहींएक दिलेलें नसतें. त्याचा अलंकार त्याच्याच अंगांतून निघतो, व तो जितका अधिक हवा तितकें अंग लहान करून घ्यावें लागतें. मोठा मासा पाहिजे असेल तर खवले सोडावे. खवले पाहिजे असतील तर मोठेपणा सोडावा. दोन्ही पाहिजे असतील तर प्रारंभींच मोठा कागद घ्यावा, आणि मोठ्या कागदाबरोबर येणारे मोठे श्रमही घ्यावे. रंगाच्या कुंचल्यास हा हिशेब द्यावा लागत नाहीं. तो गुळगुळीत माशावर पांच मिनिटांत दोनशें खवले काढतो, आणि दुरून पाहणारास दोहोंतला फरक कळतही नाहीं. परंतु करणारास कळतो.

खवल्यांस दिशा असते, हीही एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. रोहू, कटला व कोई हे एकाच मोठ्या कुळांतील मासे. यांच्या अंगावरील खवले घराच्या कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले असतात, व प्रत्येकाची सुटी कड शेपटीकडे असते. म्हणून मासळी साफ करणारी बाई सुरी शेपटीकडून डोक्याकडे चालविते; उलट चालविली तर खवले निघावयाचे नाहींत. कागदावर चुण्या पाडतांना ज्यानें हें ध्यानांत घेतलें नाहीं, त्याचा मासा सर्व प्रकारें बिनचूक होऊनही चमत्कारिक दिसतो. कोणी त्यास शेपटीकडून ओढून काढला आहे असें वाटतें. तेव्हां हा मासा घडविणाऱ्या मुलास एकदां तरी मंडईंत किंवा बंदरावर जाऊन खरा मासा हातांत धरावा लागतो. पुस्तकांतील चित्रावरून खवले रंगवितां येतात. घडवितां येत नाहींत.

पुढची पायरी सर्वांत अवघड. सर्व चुण्या, सर्व टोकें, डोकें व पर हीं एकामागून एक नव्हे, तर बऱ्याच अंशीं एकदम मिटवावीं लागतात. कारण एका ठिकाणची घडी बसल्यावांचून शेजारची बसत नाहीं, व शेजारची बसल्यावांचून ती. येथें ओढाताण चालत नाहीं. कागद फाटतो. येथें उपयोगीं पडतो तो नियम. कागदाच्या आंतील कोणत्याही बिंदूपाशीं मिळणाऱ्या घड्या मोजल्या, तर वर उठणाऱ्या डोंगर-घड्या व खालीं दबणाऱ्या दरी-घड्या यांच्या संख्येंत बरोबर दोहोंचा फरक असला पाहिजे. नसेल तर तो बिंदु सपाट मिटणार नाहीं. हा नियम जपानचे जुन माएकावा यांच्या नांवानें ओळखिला जातो. त्याच देशांतील तोशिकाझु कावासाकी यांच्या नांवाचा दुसरा नियम असें सांगतो कीं, अशा बिंदूभोंवतालचे कोन एक सोडून एक घेऊन मिळविले, तर दोन्ही बेरजा १८० अंश झाल्या पाहिजेत. हे दोन्ही नियम शाळेंतील मुलास कंपासपेटींतील कोनमापकानें पडताळून पाहतां येतात. परंतु एकेक बिंदु नियमांत बसला म्हणून सबंध कागद मिटेलच असें नाहीं. घड्यांचा दिलेला नकाशा सपाट मिटेल कीं नाहीं हें ठरविणें, संगणकासही अत्यंत बिकट अशा प्रश्नांच्या वर्गांत मोडतें, हें बर्न व हेझ या दोघां संशोधकांनीं १९९६ सालीं दाखवून दिलें. म्हणजे नियम ठाऊक असूनही अखेरीस बोटांवरच विश्वास ठेवावा लागतो.

आणि बोटें तरी कोणत्या बळावर विश्वासास पात्र होतात? पहिल्या घडीच्या बळावर. साठ सेंटिमीटरांचा कागद चौसष्ट भागांत विभागला कीं एक चौकट एका सेंटिमीटराहूनही लहान येते. मधली पहिली घडी घालतांना कोपऱ्यास कोपरा अर्ध्या मिलिमीटरानें चुकला, तर त्या वेळीं तें कोणास दिसतही नाहीं. दुसऱ्या घडीस दिसत नाहीं, दहाव्या घडीस दिसत नाहीं. परंतु त्यानंतरची प्रत्येक रेषा त्या चुकलेल्या रेषेच्या आधारानेंच पडलेली असते. आणि पांच-सात दिवसांनीं, चुण्या मिटवितांना, एका बाजूचे खवले सरळ बसतात व दुसऱ्या बाजूचे तिरपे होऊन एकमेकांस ढकलूं लागतात. तेव्हां कोणी कितीही हुशार असला तरी त्यास माशाचा तो भाग दुरुस्त करितां येत नाहीं. त्यानें नवा कागद घ्यावा, व पहिली घडी नीट घालावी.

आमच्या शिक्षणांत अशा प्रकारचें काम किती आहे? आम्हांस असें वाटतें कीं फार थोडें. निबंधांतील चुकीवर लाल शाईची रेघ येते व ती विसरली जाते. उदाहरण चुकलें तर रीतीचे गुण मिळतात. पाठ केलेलें विसरलें तर पर्यायी प्रश्न असतो. ही सवलत दुष्ट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तीवांचून परीक्षा निर्दय होतील. परंतु ज्या कामांत पहिल्या तासाचा निष्काळजीपणा पंधराव्या तासास स्वतःहून पुढें येऊन उभा राहतो, आणि कोणी गुरुजी रागावले नाहींत तरीही आपला आपणास दिसतो, असें एकतरी काम मुलाच्या हातून शाळा सोडण्यापूर्वीं व्हावें. सुतारकाम, विणकाम व बाग यांत हा गुण आहेच. परंतु त्यांस जागा, हत्यारें व पैसा लागतो. कागदास कांहींच लागत नाहीं.

या मतावर जे आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, हें निरुपयोगी आहे. यावर या कलेचे कैवारी लागलीच उपयोगांची यादी पुढें करितात, व ती खोटी नाहीं. जपानचे कोर्यो मिउरा यांनीं शोधिलेल्या घडीनें मिटविलेला सौर विजेचा पत्रा १९९५ सालीं अंतराळांत नेऊन उलगडण्यांत आला. आपल्या देशांतही, मद्रास येथें १८९३ सालीं टी. सुंदर राव यांनीं कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. फ्रोबेलच्या बालोद्यानांतील घड्यांच्या खेळापासून त्यांस ही कल्पना सुचली. जर्मन गणिती फेलिक्स क्लाईन यांनीं त्या पुस्तकाची दखल घेतली, आणि १९०१ सालीं त्याची आवृत्ति शिकागो येथें निघाली. या गोष्टी अभिमानास्पद आहेत. परंतु त्यांच्या आधारें खवल्यांच्या माशाचें समर्थन करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. उपयोगाच्या जोरावर शाळेंत आलेली गोष्ट, दुसरी अधिक उपयोगी गोष्ट येतांच बाहेर जाते. मुलगा मासा करितो तो अंतराळयान करण्यासाठीं नव्हे. मासा व्हावा म्हणून. तेवढें कारण पुरे समजावें.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे, व तो कलेच्या जाणकारांकडून येतो. ते म्हणतात कीं खवले मोजून कला ठरत नाहीं; चार वळणांत मासा पोहतांना दाखवितो तोच खरा कलावंत, आणि हजार घड्यांचा मासा पुष्कळदां निर्जीव असतो. हें म्हणणें आम्ही सर्वस्वीं मान्य करितों. योशिझावा यांनीं कागद किंचित् ओलसर करून त्यास गोलाई देण्याची रीत काढिली, व त्या रीतीनें केलेल्या प्राण्यांत थोड्या घड्यांत जो जीव दिसतो तो अनेक खवलेदार आकृतींत दिसत नाहीं. परंतु आमचा विषय कलावंत तयार करणें हा नाहीं. चार वळणांचा मासा ज्यास साधतो त्याच्या हातांत आधींच वर्षांची साधना असते. शाळेंतील मुलास ती साधना कशी असते याची चव खवल्यांतच मिळते. कारण तेथें प्रतिभा लागत नाहीं, लक्ष लागतें. बुद्धीनें मंद समजला गेलेला मुलगा येथें वर्गांतील पहिल्या मुलाच्या बरोबरीनें, किंबहुना पुढेंही, जाऊं शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरा आक्षेप असा कीं, हें दुसऱ्याचें अनुकरण आहे; लँग यांनीं किंवा आणखी कोणी मासा योजिला, मुलानें तो घडविला, यांत मुलाचें काय? आम्ही विचारतों, गवई दुसऱ्याची चीज गातो त्यांत गवयाचें काय? चीज एकाची, गळा दुसऱ्याचा. दोहोंचाही मान राहिला पाहिजे, एवढेंच. म्हणून ज्यानें आकृति योजिली त्याचें नांव घडविलेल्या माशाशेजारीं लिहिणें हें मुलांस पहिल्या दिवसापासून शिकवावें. हल्लीं कोणाचेंही काम क्षणांत उचलून आपल्या नांवावर खपविणें इतकें सोपें झालें आहे कीं, दुसऱ्याचें नांव स्वहस्तें लिहिण्याची ही संवय आम्हांस माशाइतकीच मोलाची वाटते.

चौथा आक्षेप काळास अनुसरून आहे. यंत्रानें कागदावर रेषा उठवून मिळतात. मग मुलानें १२६ रेषा हातानें कां पाडाव्या? आणि मोबाईलच्या पडद्यावर हात कसे चालतात तें दिसत असतां डोकें कां खाजवावें? मोठे कलावंतही प्रसंगीं यंत्राची मदत घेतात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्यानें हजारों रेषा हातानें पाडिल्या आहेत त्यानें आतां त्या यंत्राकडून पाडून घेतल्या तर त्याचें कांहीं जात नाहीं. परंतु ज्यानें एकही पाडिली नाहीं, त्यानें प्रारंभच तेथून केला तर त्यास मासा मिळेल, कागद मिळणार नाहीं. कागद कोणत्या बाजूस वळतो व कोणत्या बाजूस अडतो हें त्या कंटाळवाण्या रेषाच शिकवितात. पडद्यावरील हात अडलेल्या घडीपुरते पाहण्यास हरकत नाहीं. पण आधीं नकाशा समोर ठेवून एक संध्याकाळ तरी अडून बसावें, असें आमचें सांगणें आहे.

खर्चाविषयीं दोन शब्द. जपानांतील कोझो झाडाच्या सालीचा कागद पातळ, लांब तंतूंचा व चिवट असतो, आणि थरांवर थर सोसतो. त्या देशाच्या हातकागदाच्या कारागिरीस २०१४ सालीं युनेस्कोनें जगाच्या वारशांत स्थान दिलें. तो मिळाल्यास उत्तमच. परंतु न मिळाल्यास अडून राहण्याचें कारण नाहीं. बाजारांतील घोटीव कागद दिसण्यांत सुंदर, परंतु त्याचा रंग वरवरचा असल्यानें घडीवर पांढरी रेघ उमटते व वारंवार मोडल्यास तो चिरतो. पतंगाचा कागद पातळ खरा, पण एकटा घडी धरीत नाहीं. संवयीसाठीं सर्वांत चांगला कागद प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं दर जूनमध्यें येतो; तो म्हणजे वह्यांस घालण्याचा खाकी ब्राऊन पेपर. तो मजबूत असतो, मोठा मिळतो, घडी धरितो, आणि बिघडला तर मनास लागत नाहीं. प्रथम सोळा भागांचा मासा करावा, मग बत्तीस भागांचा. चौसष्टांची घाई करूं नये.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं आम्ही एवढा विस्तार केला ती सांगतों. अनेक शाळांत वर्षअखेर हस्तकलेचें प्रदर्शन भरतें. पाहुणे येतात, टेबलांवर सुबक वस्तु मांडलेल्या असतात. त्यांतील कित्येक वस्तु आदल्या रात्रीं आईनें केलेल्या असतात, व कांहीं तर दुकानांतून आणिलेल्या असतात, हें मुलांस ठाऊक असतें, पालकांस ठाऊक असतें, आणि गुण मांडणारासही बहुधा ठाऊक असतें. सर्वांच्या संमतीनें चाललेलें हें नाटक मुलास जें शिकवितें तें कोणत्याही पुस्तकानें पुसलें जात नाहीं. तें असें शिकवितें कीं खवले रंगविले तरी चालतात. दुरून पाहणारास फरक कळत नाहीं.

म्हणून आम्ही तीन सूचना करितों. पहिली, आठवड्यांतून एक तास मुलांस कागद घेऊन बसूं द्यावें, व त्या तासास गुण ठेवूं नयेत. कारण गुण आले कीं त्यांच्या पाठोपाठ दुकान येतें. दुसरी, वर्षभरांत एका मुलाकडून एकच मासा व्हावा. पांच झाले नाहींत म्हणून कोणी कमी लेखूं नये. तिसरी सूचना प्रदर्शनाविषयीं. प्रत्येक पुरा झालेल्या माशाशेजारीं त्याच मुलानें आधीं बिघडविलेला एक कागद उलगडून ठेवावा. त्यावरील चौकटी, डोंगर व दऱ्या, पुन्हां पुन्हां मोडून पांढऱ्या पडलेल्या रेषा आणि जेथें तो फाटला ती जागा, हीं सर्व पाहुण्यांस दिसूं द्यावीं. मासा दुकानांतून आणितां येतो. बिघडलेला कागद कोणतेंही दुकान विकत नाहीं.

हें वाचून एखादा विद्यार्थी आज घरीं जाऊन खाकी कागदाचा चौकोन कापील व मधोमध पहिली घडी घालील, तर त्यास आमचें एवढेंच सांगणें आहे: कोपरा कोपऱ्यावर बरोबर आला आहे कीं नाहीं हें पाहून मगच नखानें घडी दाबावी. खवल्यांस अजून पुष्कळ अवकाश आहे.